संशयित परकीयांविरुद्ध तक्रार (आसाम)
एखादी व्यक्ती देशात बेकायदा राहत असल्याची माहिती सरकारला देण्याची नागरिकांसाठीची तरतूद. अवैध स्थलांतरित (न्यायाधिकरणाद्वारे निर्धारण) कायदा, 1983 हे तिचे सर्वांत वादग्रस्त रूप. कायदा देशासाठी होता. अंमल मात्र आसामपुरता. 25 मार्च 1971 रोजी वा त्यानंतर आलेल्यांना तो लागू होई. मूळ तरतुदीनुसार संशयित व्यक्ती तक्रारदाराच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत राहणारी असावी लागे. 1988 मध्ये ही अट एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीपर्यंत सैल झाली. अर्जासोबत दोन व्यक्तींची दुजोरा देणारी प्रतिज्ञापत्रे आणि शुल्क लागे. परकीयत्व सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर होता. विदेशी व्यक्ती कायदा, 1946 च्या कलम 9 मध्ये नेमके उलट होते: आपण भारतीय आहोत हे ज्याच्यावर संशय त्यानेच दाखवायचे. सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर 12 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1983 चा कायदा घटनाबाह्य ठरवला; प्रलंबित प्रकरणे 1964 च्या आदेशाखालील विदेशी न्यायाधिकरणांकडे गेली. तेव्हापासून सिद्धतेचा भार संशयितावर आला. पुरात घर आणि कागद दोन्ही गमावणाऱ्या ब्रह्मपुत्रेकाठच्या गरिबांना, विशेषतः लग्नानंतर गाव बदललेल्या स्त्रियांना, हा भार फार जड जातो.