कच्च्या आवृत्तीचा बागुलबुवा

ब्राउझरची चाचणी-आवृत्ती सामान्य माणसाने घेऊ नये, ते इंजिनिअरांचं काम, हे मत मालवण-कुडाळकडच्या सुशिक्षितांतही इतकं रुजलंय की त्याला कुणी पुरावा मागत नाही. ‘फुटक्या होडयेत कोण बसतलो?’ एवढं म्हटलं की विषय संपतो.

या मतात जे खरं आहे ते आधी मान्य करू. क्रोमची ‘कॅनरी’ किंवा फायरफॉक्सची ‘नाइटली’ सतत बदलत असते आणि कधी उघडताक्षणी बंदही पडते. नाइटलीच्या तर दिवसाला साधारण दोन नव्या प्रती निघतात. डेटा पुरवून वापरणाऱ्याला हे परवडणारं नाही. तारकर्लीत घरगुती निवास चालवणाऱ्या बाईंकडे एकच फोन असेल, त्यावरच बुकिंग आणि त्यावरच बँक, तर त्यांनी या वाटेला जाऊच नये.

पण एवढ्यावरून ‘कुणीच घेऊ नये’ हे कसं सिद्ध होतं? दाखला होडीचा आहे, तर होडीतच सांगतो: आपली होडी जागच्या जागी राहते, बाजूला दुसरी छोटी बांधली जाते. नाइटली आणि पक्का फायरफॉक्स एकाच लॅपटॉपवर सुखाने नांदतात. 2019च्या 67व्या आवृत्तीपासून दोघांचे पासवर्ड, इतिहास, बुकमार्क आपोआप वेगळ्या कप्प्यांत राहतात. नव्या आवृत्तीने वापरलेला कप्पा जुन्या आवृत्तीने उघडायला गेलात, तर फायरफॉक्स स्वतःच अडवतो. नुकसान होतं ते हौसेने सगळे पासवर्ड कच्च्या आवृत्तीत नेऊन भरणाऱ्याचं, आणि त्यात दोष आवृत्तीचा नाही.

दुसरं म्हणणं असं की पक्की येईपर्यंत थांबावं. पण ती पक्की होते कशी? 2009 साली ऑपेराची दहावी आवृत्ती आली, तेव्हा अनेक संकेतस्थळं आवृत्तीचा फक्त पहिला आकडा वाचत. दहाच्या जागी त्यांना एकच दिसे आणि ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ असं ती सांगत. शेवटी ऑपेराला संकेतस्थळांपुढे स्वतःला 9.80 म्हणवून घ्यावं लागलं! 2022च्या मार्चमध्ये क्रोम आणि मेमध्ये फायरफॉक्स शंभरावर पोचले, तेव्हा तीच धास्ती होती: दोन अंकांची सवय झालेली संकेतस्थळं तिसरा अंक गिळतील का? या वेळी मात्र आधीच्या आवृत्त्यांतूनच ‘मी शंभर’ असं सांगून पाहण्याची सोय ठेवली होती, आणि काही ठिकाणचे घोटाळे आधीच उघडकीला आले. शंभरावा आकडा बहुतेकांना कळलाही नाही.

आता खरा मुद्दा. ‘दर्यावर’ आणि ‘किनाऱ्यावर’ हे दोन शब्द टाइप करून बघा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा र. हा आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह; किंवा ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला मात्र वेगळे. पानात ‘शोधा’ म्हणून एका तऱ्हेने लिहिलेला ‘किनाऱ्यावर’ दिला तर दुसऱ्या तऱ्हेचा सापडतो का? मागे खोडताना जोडचिन्हासकट काय काय पुसलं जातं? ओळ संपताना अक्षर भलतीकडे तुटतं का? फायरफॉक्स आणि क्रोम दोघेही अक्षरजोडणीसाठी ‘हार्फबझ’ हीच प्रणाली वापरतात. तिथे एक चूक शिरली तर दोन्हींत दिसू शकते. ‘किनाऱ्यावर’चा ‘किनार्यावर’ झाला, तर कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याला त्यात वावगं काय दिसणार? मालवणच्या दांडीवरल्या शाळकरी पोराला ते चटकन दिसेल. इथे तज्ज्ञ तो पोरगाच, आणि त्याला चाचणीबाहेर ठेवायचं म्हणजे निवाड्यातून साक्षीदारालाच हाकलण्यासारखं झालं. फायरफॉक्सची मराठी वाक्यं वर्षानुवर्षं स्वयंसेवकांनी घडवली आहेत. बटणात न मावणारा शब्दही पक्क्या आवृत्तीच्या आधी नाइटलीतच नजरेस पडतो.

‘आमचं कोण ऐकतो?’ हा शेवटचा आक्षेप, आणि सर्वांत आळशी. मोझिलाची दोषनोंद जाहीर असते; प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, तिचं पुढे काय झालं ते कुणीही बघू शकतो. तक्रार इंग्रजीत लिहावी लागते, ही अडचण खरी. पण काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, एवढ्या तीन ओळी आणि पडद्याचं चित्र पुरतं. नाइटली जड वाटली तर बीटा घ्यावी: ती अधिक स्थिर, बदल कमी वेळा, आणि महिनाभराच्या आत तीच पक्की होऊन सगळ्यांकडे जाते. म्हणजे सापडलेली चूक कळवायला हातात तेवढेच दिवस.