मेलच्या विषयात ‘महाबळेश्वर’ऐवजी येनचं चिन्ह कुठून येतं?

गेल्या डिसेंबरात महाबळेश्वरच्या एका होमस्टेचं बुकिंग मी आईच्या नावावर केलं. पैसे कट झाले, पण कन्फर्मेशनचा मेल काही येईना. दोन दिवसांनी कळलं की मेल आला होता, आईनेच तो डिलीट केला होता. “अगं, असले वेडेवाकडे मेल उघडायचे नाहीत, असं तूच सांगतेस ना?” तिचं चुकलं नव्हतं. विषयाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा, आणि मध्येमध्ये ¤ आणि ¥ अशी चिन्हं. नशीब, मेल अजून ट्रॅशमध्ये होता.

मेल खरा होता. ‘महाबळेश्वर’ हा शब्द तेवढा वाटेत फुटला होता.

हे होतं कसं?

मेलमध्ये मजकुराच्या आधी एक भाग असतो, हेडर. पाठवणाऱ्याचं नाव, विषय, तारीख हे सगळं त्यात येतं. १९८२ साली याचे नियम ठरले तेव्हा हेडरमध्ये फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं, एवढंच चालायचं. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. पुढे १९९२ मध्ये त्यावर तोडगा निघाला: इतर लिपीतला मजकूर इंग्रजी अक्षरांच्या वेषात पाठवायचा आणि सोबत ‘हा कुठल्या पद्धतीने वाचायचा’ याची चिठ्ठी जोडायची. आजही बहुतेक मराठी विषय असेच प्रवास करतात. तुमचं मेल ॲप ती चिठ्ठी वाचून मूळ अक्षरं दाखवतं.

गडबड होते ती बहुतेक वेळा या चिठ्ठीतच.

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा तीन बाइट घेते. ‘महाबळेश्वर’ म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून १० घटक, ३० बाइट. आता पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवला, पण चिठ्ठीवर युरोपीय भाषांची जुनी पद्धत लिहिली, तर वाचणारं ॲप प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतं. मराठी अक्षरांचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून तो रेघवाला ‘ए’ सतत दिसतो. दुसरा बाइट बहुतेकदा ¤ होतो, काही चिन्हांच्या बाबतीत ¥. ‘महाबळेश्वर’मध्ये हे येन दोनदा येतं: एकदा ‘ळे’च्या मात्रेसाठी, एकदा अर्ध्या ‘श’च्या हलन्तासाठी. वेबसाइटवरून मेल पाठवायला अनेकजण पीएचपीमेलर वापरतात. त्याची मूळ सेटिंग बराच काळ याच जुन्या युरोपीय पद्धतीची राहिली आहे. ती यूटीएफ-८ करणं हे एका ओळीचं काम आहे.

कधी कधी विषयात एकच चौकोन किंवा प्रश्नचिन्हाचा काळा हिरा (�) दिसतो, बाकी सगळं नीट. याचं कारण लांबी. वेषांतर केलेल्या एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. चिठ्ठीची जागा वजा केली तर त्यात मराठीचे फक्त १५ घटक मावतात. ‘महाबळेश्वर बुकिंग’ एवढंही त्यात बसत नाही. मग तुकडा पाडावा लागतो. नियम सांगतो की अक्षराच्या मध्ये तोडू नका, पण आंधळेपणाने ४५ बाइट मोजून तोडलं तर सुरी बरोबर ‘बुकिंग’च्या अनुस्वारावर चालते आणि तो अनुस्वार दोन तुकड्यांत अर्धा-अर्धा जातो.

आणि विषय ‘=?’ने सुरू होऊन पुढे इंग्रजी अक्षरांची लांबलचक रांग दिसत असेल, तर वेषांतर उलगडलेलंच नाही. पाठवणाऱ्याच्या नावाबाबत हे जास्त होतं, कारण त्या वेषांतराभोवती अवतरणचिन्हं टाकली की नियमानुसार ॲपने ते उलगडायचं नसतं.

आपल्याला काय करता येईल?

पहिल्यांदा, विषय सोडा आणि पाठवणाऱ्याचा मेल आयडी बघा. विषय फुटला म्हणून मेल खोटा ठरत नाही, आणि नीट दिसतो म्हणून खराही ठरत नाही. तोच मेल दुसऱ्या ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडून बघा. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ आहे, तिथे कच्चा हेडर दिसतो. त्यात बेस-६४ची रांग असेल आणि दर चार अक्षरांनी ‘चार-के-एस’ किंवा ‘चार-के-डब्ल्यू’ येत असेल, तर आत देवनागरी आहे हे नक्की. बेस-६४ डिकोडरमध्ये ती रांग टाकली की मजकूर परत मिळतो. बँकेचा वगैरे मेल मात्र अनोळखी साइटवर पेस्ट करू नका.

विषयात नुसती ‘????’ असतील तर मूळ अक्षरं गेली, पुन्हा पाठवायला सांगण्याशिवाय इलाज नाही. हा प्रकार बरेचदा एक्सेलमुळे होतो: ग्राहकांची मराठी नावं साध्या सीएसव्हीमध्ये सेव्ह केली की त्यांची प्रश्नचिन्हं होतात आणि तीच शेकडो मेलमध्ये जातात. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचं.

तुम्ही स्वतः असे मेल पाठवत असाल, तर ‘टेस्ट’ असा विषय टाकून तपासू नका, तो इंग्रजीत असला तर कायमच पास होतो. ‘महाबळेश्वर बुकिंग कन्फर्म’ असा लांब, जोडाक्षरांचा विषय टाका आणि किमान दोन वेगवेगळ्या मेल सेवांवर पाठवून बघा.