ध्वनिपेटीची द्रव्ये

ध्वनिपेटीची द्रव्ये : ध्वनीचे वर्धन वा नियंत्रण करणाऱ्या पोकळ पेटीच्या भिंती ज्या पदार्थांच्या करतात ते पदार्थ. तंबोऱ्याचा भोपळा आणि मोटारगाडीतील सबवूफरची, म्हणजे खर्जाचे ध्वनी देणाऱ्या ध्वनिक्षेपकाची पेटी, ही या प्रकाराची दोन टोके होत. वाद्याच्या पेटीने तारेबरोबर कंप पावावे अशी अपेक्षा असते. ध्वनिक्षेपकाच्या पेटीने मात्र स्वतः निःशब्द राहावयाचे असते. द्रव्यांच्या निवडीचा इतिहास हा या दोन परस्परविरोधी गरजांचा, तसेच त्या त्या काळी हाताशी असलेल्या वनस्पतिद्रव्यांचा इतिहास आहे.

पारंपरिक द्रव्ये : मुंबई उपनगरात गोरेगावनजीक आरे कॉलनी ही शासकीय दुग्धवसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. तेथील पाड्यांत वारली लोकांची जुनी वस्ती आहे. वारल्यांच्या तारपा या सुषिर वाद्यात वाळलेला दुध्या भोपळा हवेची कोठी म्हणून वापरतात. तिला बांबूच्या नळ्या व टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा जोडून सांधे मेणाने बुजवितात. भोपळा हलका व हवाबंद असतो आणि परिसरात सहज पिकतो. सांधे हवाबंद असावेत ही अट पुढे ध्वनिक्षेपकाच्या पेटीलाही तितकीच लागू पडली.

मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार व तंबोरे तयार होतात. हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार कारागिरांनी हा व्यवसाय उभा केला. वाद्याचा भोपळा प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर व मंगळवेढे भागातून येतो. तो न खाण्याजोग्या जातीचा असून उत्तम वाळल्यावरच कापतात. दांडी व तबली यांसाठी तून वृक्षाचे लाकूड वापरतात. तबली मुद्दाम पातळ ठेवतात. कारण ती जितकी मोकळेपणाने कंप पावेल तितका नाद भरीव होतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ध्वनिक्षेपकाची पेटी : चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चल-वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक मांडला आणि वेगळाच प्रश्न उभा राहिला. शंकूच्या मागील बाजूने निघणारा ध्वनी पुढील ध्वनीच्या विरुद्ध कलेचा असतो व खर्जात दोन्ही परस्परांना नाहीसे करतात. ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ७ मी. असल्याने साध्या फळीचा आडोसा अपुरा पडतो. मागील ध्वनी पेटीत कोंडावाच लागतो. ॲल्बर्ट थुरास यांनी छिद्रयुक्त पेटीचे एकस्व १९३२ मध्ये मिळविले, तर एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये लहान, पूर्ण बंद पेटी यशस्वी केली. नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७० नंतरचे दशक) यांच्या गणितामुळे पेटीचे घनफळ आधी काढता येऊ लागले. तथापि हे गणित भिंती अचल आहेत असे गृहीत धरते. ती अचलता द्रव्यानेच द्यावी लागते.

फळीची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच द्रव्याची १८ मिमी. जाडीची फळी १२ मिमी. फळीपेक्षा सु. ३·४ पट ताठर असते. आतून आडवे आधार देऊन फळीच्या मोकळ्या भागाची लांबी व रुंदी निम्मी केल्यास त्याची स्वाभाविक कंप्रता सु. चौपट होते. सबवूफरचे कार्य बहुतांशी १०० हर्ट्‌झच्या खाली चालत असल्याने भिंतीची कंप्रता त्याहून बरीच वर नेता येते. पूर्ण पट्ट्याच्या ध्वनिक्षेपकात हे साधत नाही. तेथे पातळ प्लायवुडला आतून संदमक थर देण्याची पद्धत बीबीसीच्या संशोधन विभागात एच. डी. हारवुड यांनी पुरस्कारिली.

लाकडी फलक : भारतात प्लायवुडचा उद्योग प्रथम आसामातील चहाच्या पेट्यांवर वाढला. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ईशान्येकडील वृक्षतोडीवर कडक निर्बंध आले व तेथील अनेक गिरण्या बंद पडल्या. त्यानंतर निलगिरी, पॉप्लर यांसारख्या लागवडीच्या लाकडाचे महत्त्व वाढले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत विकसित झालेला आणि बाजारात एमडीएफ या नावाने मिळणारा मध्यम घनतेचा तंतुफलकही रूढ झाला. त्याची घनता सर्वत्र सारखी असते, आत पोकळी नसते आणि गोल छिद्र स्वच्छ कापले जाते. २·४४ × १·२२ मी. आकाराचा १८ मिमी. फलक घनता दर घ.मी.ला ७५० किग्रॅ. असल्यास सु. ४० किग्रॅ. भरतो, ६०० किग्रॅ. घनतेचे प्लायवुड सु. ३२ किग्रॅ. भरते. स्वस्त प्लायवुडच्या थरांतील पोकळ्या मात्र खर्जात खडखडतात.

मोटारगाडीतील निवड : घरातील पेटीपेक्षा गाडीतील पेटीला वजन, हादरे व दमटपणा यांचा विचार अधिक करावा लागतो. आरे, बोरिवली, मुलुंड यांसारख्या पावसाळी परिसरात तंतुफलकाच्या उघड्या कडा पाणी शोषून फुगतात व मग तेथे स्क्रू धरत नाहीत. म्हणून कडांना लाखेचा वा राळेचा लेप देतात, अथवा भारतीय मानक ७१० नुसार केलेले सागरी प्लायवुड वापरतात. डिकीच्या कोपऱ्यात बसणारी वक्र पेटी काचतंतू व पॉलिएस्टर राळ यांची करतात. वक्रतेमुळे ती हलकी असूनही ताठर होते, परंतु सपाट भागी तिची जाडी वाढवावी लागते. तंतुफलक कापताना उडणारी बारीक धूळ व त्यातील फॉर्माल्डिहाइड यांपासून कारागिराचे रक्षण आवश्यक असते.

मर्यादा : उत्तम द्रव्यामुळे पेटीचा स्वतःचा आवाज थांबतो, गाडीबाहेर जाणारा खर्ज थांबत नाही, गाडीचा पातळ पत्रा व काचा त्याला फारशा अडवू शकत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. ही मर्यादा मानवी श्रवणाला अनुरूप अशा ‘ए’ मापनाने ठरते व त्या मापनात ५० हर्ट्‌झचा ध्वनी सु. ३० डेसिबेलने कमी धरला जातो. परिणामी भिंती व तावदाने थरथरविणारा खर्जही मापकावर सौम्य दिसू शकतो. असा खर्ज रोखण्याचा उपाय पेटीच्या द्रव्यात नाही. तो वाजविणाऱ्याच्या हातातील नियंत्रकात आहे.