फायरवॉल क्लस्टर : बिघाड व निदान

संस्थेचे अंतर्गत नेटवर्क आणि इंटरनेट यांच्या सीमेवर दोन किंवा अधिक फायरवॉल एकाच यंत्राप्रमाणे चालवण्याची व्यवस्था. एक बंद पडली तर दुसरीने काही सेकंदांत काम हाती घ्यावे, हा तिचा हेतू. बिघाडाचे मूळ पुष्कळदा फायरवॉलमध्ये नसते. ते दोघींमधल्या जोडणीत किंवा शेजारच्या स्विच-राउटरमध्ये सापडते.

रचना : सक्रिय-राखीव पद्धतीत एक फायरवॉल वाहतूक सांभाळते आणि दुसरी तयार राहते. दोघी एकमेकींना ‘हार्टबीट’ संदेश पाठवतात, चालू सत्रांची नोंद जुळती ठेवतात आणि बाहेर एकच आभासी आयपी पत्ता दाखवतात. राउटरसाठी तयार झालेला व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुख्य यंत्र साधारणपणे दर सेकंदाला आपण चालू असल्याचे कळवते. तीनेक सेकंद संदेश आला नाही, की राखीव यंत्र ताबा घेते. ओपनबीएसडीने 2004 मध्ये 3.5 या आवृत्तीत कार्प हा पर्याय आणला.

मुख्य बिघाड :
(1) दोघी सक्रिय होणे (स्प्लिट-ब्रेन). हार्टबीटची केबल तुटली किंवा मधल्या स्विचने संदेश अडवले, की राखीव फायरवॉल जोडीदार बंद पडल्याचे धरून चालते. मग एकाच पत्त्यावर दोघी उत्तर देतात आणि जोडण्या अधूनमधून तुटू लागतात.
(2) ताबा बदलूनही वाहतूक न येणे. आभासी मॅक पत्ता नसेल, तर नव्या फायरवॉलने आपला मॅक पत्ता शेजाऱ्यांना लगेच कळवावा लागतो. तो संदेश पोचला नाही, तर राउटर जुन्याच पत्त्यावर माहिती पाठवत राहतो. सिस्कोच्या राउटरवर अशी नोंद मूळ सेटिंगनुसार 4 तास टिकते. जुन्या स्पॅनिंग-ट्री पद्धतीत स्विचचे नव्याने जोडलेले पोर्ट खुले व्हायलाच 30 सेकंद लागतात.
(3) गटक्रमांकांची टक्कर. व्हीआरआरपी आणि कार्प या दोहोंचा प्रोटोकॉल क्रमांक 112 आहे आणि आभासी मॅक पत्त्याची सुरुवातही सारखीच असते. एकाच नेटवर्कवर दोघांना समान गटक्रमांक दिला, तर पत्ते एकमेकांवर येतात. फोर्टिगेटच्या दोन क्लस्टरना एकच गटक्रमांक राहिल्यासही असेच घडते.
(4) सत्रे तुटणे. सत्रांची नोंद जुळत नसेल, तर ताबा मिळूनही चालू व्यवहार नव्याने सुरू करावे लागतात.
(5) वारंवार अदलाबदल. सैल केबल, प्रोसेसरवरचा ताण किंवा ‘मूळ यंत्र परतताच ताबा घ्यावा’ ही सेटिंग ही त्याची नेहमीची कारणे.

निदानाचा क्रम : प्रत्येक फायरवॉल स्वतःला काय समजते, हे दोन्हींवर वेगवेगळे तपासावे. दोघी सक्रिय आढळल्यास, जिच्यावर चालू सत्रे कमी आहेत तिच्या वाहतुकीच्या केबल आधी काढाव्यात. हार्टबीटची केबल तशीच ठेवून मग तिचा दोष शोधावा. त्यानंतर फर्मवेअरची आवृत्ती, परवाने आणि सेटिंगचे चेकसम जुळवावेत. शेवटी स्विचवर आभासी मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर दिसतो, हे पाहावे. तो जुन्याच पोर्टवर असेल, तर फायरवॉल पुन्हा सुरू करून काही साधत नाही. दोन्ही यंत्रांच्या नोंदी लावून पाहण्यासाठी त्यांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घड्याळे एनटीपी या वेळ जुळवण्याच्या प्रोटोकॉलशी जुळवणे आणि नोंदी 180 दिवस जपणे बंधनकारक आहे.

बाजारपेठेतील वेळ : कार्यालयांत दुरुस्ती रात्री किंवा शनिवार-रविवारी करतात. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डासारख्या ठिकाणी हे गणित लागू पडत नाही. फळे-भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीपासून लागतात, विक्री पहाटे सुरू होते आणि रविवारी आवक मोठी असते. भुसार बाजाराचे काम मात्र दिवसा चालते. अशा बाजाराला सेवा देणाऱ्या बँकेने किंवा कार्यालयाने ताबाबदलाची चाचणी आवकेचे वेळापत्रक पाहून ठरवावी. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय कृषी बाजारात आवकेची नोंद, बोली आणि पैसे चुकते करणे ही कामे इंटरनेटवर होतात. तिथे ऐन बोलीच्या वेळी जोडणी गेली, तर माल घेऊन थांबलेल्या शेतकऱ्याचा खोळंबा होतो. त्याला दुसरी फायरवॉल आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते. त्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) वेळेवर निघाली पाहिजे.

प्रतिबंध : हार्टबीटसाठी दोन केबल वेगवेगळ्या मार्गांनी न्याव्यात. दोन फायरवॉल एकाच यूपीएसवर आणि दोन इंटरनेट जोडण्या एकाच खोदलेल्या चरातून नसाव्यात. सक्रिय फायरवॉलची वीज, मग वाहतुकीची केबल आणि मग हार्टबीट, असे एकेक मुद्दाम तोडून प्रत्येक वेळी किती सेकंद सेवा थांबली याची नोंद ठेवावी. ही चाचणी फर्मवेअर बदलल्यावर आणि स्विच बदलल्यावर पुन्हा करावी. ज्या जोडीचा ताबाबदल करून पाहिलेलाच नाही, तिच्या भरवशावर अखंड सेवेचे आश्वासन देऊ नये.