ऊद अत्तर पहिल्यांदाच घेताय? आधी हे वाचा

आपल्या घरात ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा सुगंधी डिंक. अत्तराच्या बाटलीवरचा ‘ऊद’ मात्र वेगळा, तो अगरूच्या झाडाचा.

ऊद इतका महाग का?
अगरू आसाम आणि ईशान्य भारतात वाढतो. निरोगी लाकडाला फारसा वास नसतो. बुरशी लागली की झाड बचावासाठी गडद राळ तयार करतं. अशा लाकडापासून तेल काढतात. प्रत्येक झाडात राळ होत नाही. शिवाय १९९५ पासून भारतीय अगरूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचं नियंत्रण आहे. त्यामुळे दोनशे रुपयांत ‘शुद्ध ऊद’ मिळत असेल, तर तो कृत्रिम सुगंध समजा.

जुनं तेल चांगलंच असतं का?
ऊद, चंदन, वाळा, पचौली यांची तेलं काचेच्या घट्ट बंद बाटलीत, अंधारात ठेवली की मुरतात, उग्रपणा उतरतो. लिंबू-संत्र्याची तेलं उलट खराब होतात.

सुरुवात कुठून करायची?
दवनीवाड्यातून ऑनलाइन मागवताना वास घेता येत नाही. म्हणून आधी ओळखीचा वास निवडा. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या आपण पाहिल्यात, तर वाळ्याचं तेल घ्या. मग ऊद. पण एकदम तोळाभर (सुमारे ११.६६ ग्रॅम) नको, छोटं सॅम्पल मागवा. सकाळी मनगटावर किंचित लावा आणि संध्याकाळपर्यंत हुंगत राहा. सुरुवातीला गोठ्यासारखा वास आला तरी बाटली फेकू नका. आसामी ऊदाचा तो स्वभावच आहे. गोडवा नंतर येतो.