पट्ट्यावांचून फिरणारी थाळी

जुनी वस्तु घेतांना तिच्या किंमतीपूर्वीं तिचा इतिहास विचारावा, असें जाणते लोक सांगतात. जपानी टर्नटेबलाच्या बाबतींत हें विशेष खरें आहे. घरांत वडिलांच्या वेळच्या ध्वनिमुद्रिका कपाटांत पडून आहेत, त्या ऐकण्याची हौस आहे, परंतु खिशाला मर्यादा आहे, अशा गृहस्थापुढें बाजारांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींचीं यंत्रें मांडलेलीं असतात. त्यांतील कोणतें घ्यावें आणि कोणतें टाळावें, या प्रश्नाचें निम्में उत्तर तीं यंत्रें जन्मास कशीं आलीं या हकीकतींतच सांपडतें.

१९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँगप्लेइंग तबकडी बाजारांत आणली. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीपेक्षां हिच्यावरील खांचा फारच बारीक होत्या. त्यामुळें यंत्राचा जो कंप पूर्वीं खपून जात असे, तो आतां गाण्याबरोबर ऐकूं येऊं लागला. दोष मोटरीचा होता. विजेचीं सेकंदाला ५० आवर्तनें होत असतील, तर चार ध्रुवांची मोटर मिनिटाला जवळजवळ १५०० फेरे घेते. थाळीला हवे असतात अवघे ३३⅓. ही तफावत मोडण्यासाठीं दोहोंमध्यें कांहीं तरी घालणें भाग होतें. इंग्लंडांतील गॅरार्ड कंपनी रबरी चाक घालीत असे. अमेरिकेंतील अकौस्टिक रिसर्च कंपनीनें १९६१ सालीं रबरी पट्टा योजला. चाक थाळीला जोर देई, पण मोटरीची सेकंदाला पंचवीस कंपनें थाळीपर्यंत पोंचवी, आणि हा घरघराट मानवी कानाच्या कक्षेंत येतो. पट्टा कंप अडवी, पण थाळीला गति घेण्यास वेळ लावी आणि कालांतरानें स्वतःच सैल पडे.

ओसाका प्रांतांतील मात्सुशिता कंपनीचे अभियंते शुइची ओबाता यांनीं या मध्यस्थालाच रजा दिली. मोटर थाळीच्या बरोबर खालीं, एकाच अक्षावर बसवावयाची आणि तिलाच थाळीच्या मंद गतीनें फिरवावयाचें, ही त्यांची कल्पना. ३३⅓ च्या गतीनें एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो. म्हणजे सेकंदाला अर्ध्याहून किंचित् अधिक कंपन, जें कानाला ऐकूंच येत नाहीं. याच तत्त्वावरचें एसपी-१० हें यंत्र कंपनीनें टेक्निक्स या नांवानें १९७० सालीं विक्रीस आणलें. थाळी क्षणांत पूर्ण गति घेई म्हणून नभोवाणी केंद्रांनीं त्याचें स्वागत केलें. जपानला या शोधाचें दुसरेंही अगत्य होतें. त्या देशाच्या पूर्व भागांत विजेचीं आवर्तनें ५० तर पश्चिम भागांत ६० असतात. साध्या मोटरीची गति त्यांवर अवलंबून असते. नव्या मोटरीची गति मात्र तिचा स्वतःचा नियंत्रक राखीत असे.

पुढें स्पर्धेनें आपलें काम केलें. १९७५ सालीं एसपी-१० च्या दुसऱ्या आवृत्तींत क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यांशीं गति जोडण्यांत आली. डेनॉन, सोनी, व्हिक्टर, पायोनियर, यामाहा, केनवुड अशा सर्वांनींच या क्षेत्रांत उडी घेतली, आणि दशक संपण्यापूर्वीं क्वार्ट्झची सोय मध्यमवर्गाच्या यंत्रांत येऊन पोंचली. खर्चाची खरी गोम येथें आहे. जी अचूकता १९७० मध्यें केवळ ध्वनिक्षेपण केंद्रांची होती, ती दहा वर्षांत सामान्य दिवाणखान्यांत आली.

मग किंमतींत इतकें अंतर कां? याचें कारण कीर्ति. १९७२ सालीं निघालेलें टेक्निक्स एसएल-१२०० घरगुती श्रोत्यांसाठींच होतें. परंतु नाचघरांतील तबकडी वाजविणाऱ्यांनीं त्यास आपलें वाद्य बनविलें. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तींत गति कमी-अधिक करणारी सरकती पट्टी आली आणि तिची कीर्ति जगभर झाली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें या मालिकेचीं ३५ लाखांहून अधिक यंत्रें खपलीं. उलट, त्याच सुमारास इंग्लंडांतील टीकाकारांनीं स्कॉटलंडच्या लिन कंपनीच्या पट्ट्याच्या यंत्राची बाजू घेऊन जपानी यंत्रांना नाकें मुरडलीं. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क निघाली आणि तबकडीच मागें पडली. प्रसिद्ध यंत्र महाग राहिलें. त्याच्या भावंडांकडे कोणी वळून पाहिलें नाहीं.

बेताच्या पैशांत घेणाऱ्यानें या भावंडांकडेच पाहावें. टेक्निक्सचीं एसएल-१८०० व एसएल-१७०० यांच्या दुसऱ्या आवृत्त्या, एसएल-क्यू२, अथवा क्वार्ट्झ नसलेलीं एसएल-डी२ आणि पायोनियर पीएल-५१८ हीं त्याच घराण्यांतील आहेत. घरीं संगीत ऐकणाऱ्यास सरकत्या पट्टीचें काम पडत नाहीं, मग तिच्यासाठीं नाचघराचा भाव कां मोजावा? दांडा आपोआप उचलणारें पूर्ण स्वयंचलित यंत्र मोहक दिसतें. परंतु त्याच्या पोटांतील तरफांवरचें वंगण इतक्या वर्षांत गोठलेलें असतें. हातानें चालवावयाचें यंत्र अधिक निर्धोक होय.

मात्र नांवापेक्षां प्रकृति मोठी. सुई, तारा, विजेचे संधारक आणि गतीची मळलेली खुंटी हीं दुरुस्त होतात. वाकलेला दांडा, खराब झालेला आंस आणि त्याच यंत्रासाठीं बनविलेली नियंत्रक चिप यांना सहजासहजीं पर्याय मिळत नाहीं. म्हणून थाळी फिरवून पाहावी, आंसाला हेलकावा आहे काय तें हातानें चांचपावें, दांडा अडखळतो काय तें तपासावें. थाळीच्या कडेवर ठिपक्यांच्या ओळी असल्यास दोन्ही गतींवर कांहीं मिनिटें त्या स्थिर राहतात कीं नाहीं तें पाहावें. जुन्या यंत्रांतील निऑनचा दिवा विजेच्या आवर्तनांवर चमकतो. ५० आवर्तनांच्या विजेसाठीं ३३⅓ च्या ओळींत १८० ठिपके असतात, ६० साठीं २१६. भारतांत ६० ची ओळ पाहिली, तर धडधाकट यंत्रही बिघडलेलें भासेल. खुद्द जपानांत विकलेलें यंत्र १०० व्होल्टचें असतें. मुंबई-पुण्याच्या २३० व्होल्टला तें थेट लावल्यास जळेल. दाब उतरविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधींच हिशोबांत धरावा. ज्यांच्या संग्रहांत ७८ फेऱ्यांचीं नाट्यगीतें आहेत, त्यांनीं ती गति आहे काय हें अवश्य विचारावें. वर सांगितलेल्या घरगुती यंत्रांत ती नसते, आणि त्या खांचांना रुंद सुई निराळीच लागते.

शेवटीं एक जपणूक सर्वांहून महत्त्वाची. हातांतील सर्व पैसे यंत्रावर खर्चून जुनी झिजलेली सुई तशीच चालविणें हा बचतीचा नव्हे, नाशाचा मार्ग होय. झिजलेली सुई खांच कुरतडते, आणि कुरतडलेली खांच कोणत्याही कारागिरास भरून काढतां येत नाहीं. म्हणून खरेदीच्या रकमेंतून नव्या सुईचे पैसे प्रथम वेगळे काढावेत आणि उरलेल्यांत यंत्र शोधावें. ओबातांनीं मोटर आणि थाळी यांमधील अडथळा दूर केला तो तबकडीवरचा स्वर निर्मळ ऐकूं यावा म्हणून. यंत्र पुन्हा मिळतें. वडिलांनीं जपलेली तबकडी मिळत नाहीं.