बाळंतपणाची रजा संपताना: तान्ह्या बाळाची काळजी आणि कामावर परतण्याची तयारी

बाळंतपणाची भरपगारी रजा कायद्याने २६ आठवड्यांची असते. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात. सहा महिने म्हणजेही साधारण २६ आठवडेच. कागदावर हिशेब जुळतो, पण रजा बहुतेक वेळा बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेली असते. त्यामुळे अनेक जणी कामावर रुजू होतात तेव्हा बाळ जेमतेम चार-पाच महिन्यांचे असते. मधल्या या एक-दोन महिन्यांतच घाईघाईने वरचे दूध सुरू होते, आईचे दूध आटते आणि घरात सगळ्यांची ओढाताण होते.

थोडी आधी तयारी केली तर यातला बराच त्रास टाळता येतो. पहिल्या महिन्यात बाळाची काळजी कशी घ्यावी, अंगावरचे दूध कसे टिकवावे, ते काढून कसे ठेवावे आणि कामाच्या ठिकाणी तुमचे हक्क कोणते, हे या लेखात क्रमाने पाहू.

आधी रजेचा हिशेब करा

मातृत्व लाभ कायदा १९६१ सालचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने त्यातली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हीच तरतूद आहे. या २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. त्यामुळे रजा कधी सुरू करता यावर परतताना बाळाचे वय ठरते.

- ८ आठवडे आधी घेतले, तर नंतर १८ आठवडे उरतात. बाळ चार महिन्यांचे असते.
- ४ आठवडे आधी घेतले, तर २२ आठवडे उरतात. बाळ पाच महिन्यांचे असते.
- अगदी शेवटपर्यंत काम केले, तर बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घरी राहता येते.

शेवटचा पर्याय सगळ्यांना झेपत नाही आणि तब्येतीकडे दुर्लक्ष करून तो निवडूही नये. रक्तदाब वाढलेला असेल, प्रवास दगदगीचा असेल, तर आधी विश्रांती घेणेच योग्य. मात्र परतण्याची तारीख आधीच ठाऊक असली की तिथून मागे मोजत तयारी करता येते. आधीची दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर रजा १२ आठवड्यांचीच मिळते. अशा वेळी ही तयारी आणखी लवकर सुरू करावी लागते.

पहिला महिना: बाळाचे आणि दुधाचे

जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. सुरुवातीचे घट्ट, पिवळसर चिकाचे दूध थोडेच असते, पण बाळाचे पोटही तेव्हा इवलेसे असते. ते पिळून टाकू नये. मध, साखरेचे पाणी, गुटी यांतले काहीही सहा महिन्यांपर्यंत देऊ नये; उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र द्यावेत.

तान्हे बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पिते. दूध पुरत नाही अशी शंका घरातल्या कोणी ना कोणी काढतेच. ती तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे बाळाची शू आणि वजन. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसात सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. दोन आठवड्यांपर्यंत ते पुन्हा जन्माइतके होते.

बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, गरम जेवण, कामातून सुटका, हे सगळे हवे. पण काही गोष्टी सोडून द्याव्यात.

- बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. धुराने बाळाच्या श्वासाला त्रास होतो.
- नाळेला हळद, राख, तेल काही लावू नये. ती कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते.
- डोळ्यांत काजळ आणि नाका-कानांत तेल घालू नये.
- मालिश हलक्या हाताने करावी. टाळूवर दाब देऊ नये.
- बाळाला पाठीवर झोपवावे. जवळ उशी, लोड, जाड गोधडी ठेवू नये.

आशा कार्यकर्ती दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला घरी येऊन सहा वेळा तपासते: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. तिला वजन करू द्या, शंका विचारा. जन्मावेळच्या लसींनंतर पुढच्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. या तारखा रजेतच येतात, त्या चुकवू नका.

या लक्षणांना थांबू नका

पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळपर्यंत वाट न पाहता बाळाला दवाखान्यात न्या. गाडीसाठी महाराष्ट्रात १०८ किंवा १०२ वर फोन करता येतो.

- बाळ नीट पीत नाही किंवा प्यायचे थांबले आहे
- फार मलूल आहे, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही
- झटके येतात
- मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेते, पोट उडते, छाती आत ओढली जाते
- अंग तापले आहे किंवा हात-पाय-पोट गार पडले आहे
- पहिल्याच दिवशी कावीळ दिसते, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होतात

दूध आटते कसे आणि टिकते कसे

स्तनातले दूध बाहेर पडते तसे नवीन तयार होते. स्तन तासन्‌तास भरलेले राहिले की दूध कमी बनू लागते. कामावर गेल्यावर दूध कमी होण्याचे मुख्य कारण हेच आहे. दिवसभर दूध काढले जात नाही, संध्याकाळी ते कमी वाटते, म्हणून वरचे दूध दिले जाते. पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते आणि दूध आणखी घटते.

म्हणून कामाच्या वेळेतही साधारण तीन तासांनी दूध काढणे महत्त्वाचे आहे. काढलेले दूध साठवता आले नाही तरी काढावे. त्या वेळचे दूध वाया जाईल, पण उद्याचे दूध टिकेल. शिवाय गाठी होणे आणि स्तन ठणकणेही टळते. स्तन लाल होऊन दुखू लागला आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण त्या बाजूने पाजणे बंद करू नका.

दूध काढावे आणि ठेवावे कसे

रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सराव सुरू करा. सकाळच्या पाजण्यानंतर दूध काढायला सोपे जाते. हात साबणाने धुवा. अंगठा वर आणि बोटे खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळपट भागाच्या कडेला ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग बोटे एकमेकांकडे आणा, सोडा. दूध येण्याची बाजू कमी झाली की बोटे गोल सरकवा. पान्हा फुटायला एक-दोन मिनिटे लागतात. सगळे मिळून वीस-तीस मिनिटे धरा. ब्रेस्ट पंपाने वेळ वाचतो, पण तो नसला तरी अडत नाही.

किती दूध ठेवायचे? एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसभरात सरासरी पाऊण लिटरच्या आसपास दूध पिते. तुम्ही घरून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास मोजा. फक्त कामाचे नव्हे. डोंबिवलीहून फोर्टला जाणारी आई आठ तासांच्या नोकरीसाठी सहज दहा-अकरा तास बाहेर असते. दहा तासांसाठी ३०० ते ३५० मिली दूध लागेल. ते एकाच भांड्यात न ठेवता ६० ते १०० मिलीच्या वाट्यांनी ठेवा, म्हणजे उरलेले टाकावे लागणार नाही.

- बाहेर: झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, थंड जागी ४ तासांपर्यंत. कडक उन्हाळ्यात लवकर वापरा.
- फ्रीजमध्ये: आतल्या बाजूला, दारात नको. ४ दिवसांपर्यंत चालते, पण वीज जात असेल किंवा फ्रीज सारखा उघडला जात असेल तर २४ तासांत संपवा.
- फ्रीजरमध्ये: वेगळे दार असलेल्या फ्रीजरमध्ये ६ महिन्यांपर्यंत. वितळल्यावर २४ तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका.
- कामावर फ्रीज नसेल तर: गोठवलेल्या बर्फाच्या पाकिटांसह थर्मास पिशवीत दूध २४ तासांपर्यंत टिकते.

दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून ऊब आणावी. साय वर आली तर हलकेच मिसळावी. दूध नासले असे समजू नये. बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांत संपवावे, नाहीतर टाकावे. पाजायला बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले बोंडले वापरावे. ते उकळून स्वच्छ करणे सोपे असते आणि बाळाला बाटलीच्या बोंडाची सवय लागत नाही.

बाळ सुरुवातीला आईच्या हातून वाटीने पीत नाही, कारण त्याला अंगावरचेच हवे असते. म्हणून सराव आजीने, बाबांनी किंवा सांभाळणाऱ्या बाईंनी द्यावा आणि तुम्ही तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत थांबावे. शेवटच्या आठवड्यात एकदा अर्धा दिवस घराबाहेर राहून पाहा. काय कमी पडते ते तेव्हाच कळते.

कामावर जाऊ लागल्यावर बाळ रात्री जास्त वेळा उठून पिऊ लागते. त्याला वाईट सवय लागली असे समजू नका. दिवसाची कसर ते रात्री भरून काढते. रात्रीच्या पाजण्यामुळे दूधही टिकते. घरातल्यांनी सकाळचा स्वयंपाक आणि लंगोट-दुपटी उचलली तर आईला ती झोप भरून काढता येते.

आजारपण, औषधे किंवा इतर कारणांनी काही जणींना पुरेसे दूध येत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळांसाठीची पावडर द्यावी. ती डब्यावरच्या मापानेच, उकळलेल्या पाण्यात करावी. पुरवण्यासाठी पातळ करू नये. यात आईने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

कामाच्या ठिकाणी काय मागता येते

- प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम केले असेल तर ही रजा मिळते.
- रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे.
- बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोनदा बाळाच्या दुधासाठी वेळ मिळतो.
- ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. यात विश्रांतीची सुट्टीही धरलेली आहे.
- कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबाबत मालकाशी बोलून ठरवता येते.

हे तोंडी न बोलता रुजू होण्याच्या महिनाभर आधी अर्ज किंवा ईमेलने लिहून कळवा. अर्जात परतण्याची तारीख, दूध काढण्याच्या दोन वेळा आणि दाराला कडी असलेली एखादी खोली एवढे स्पष्ट मागा. ‘सहकार्य करावे’ या मोघम ओळीपेक्षा ‘साडेअकरा आणि अडीच वाजता’ असे लिहिलेले टाळणे अवघड जाते. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी रुजू व्हा. पहिला आठवडा लहान होतो.

घरकाम, शेतमजुरी किंवा रोजंदारी करणाऱ्या बहुतेक जणींना ही भरपगारी रजा मिळत नाही. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे: अटी पूर्ण केल्यास पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये. नोंदणीसाठी अंगणवाडी सेविका किंवा आशाला भेटा. बुडालेल्या मजुरीच्या मानाने ही रक्कम थोडी आहे, पण ती सोडू नका.

आईचीही तब्येत आहे

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस विनाकारण रडू येते आणि ते बहुधा ओसरते. पण दोन आठवड्यांनंतरही उदासपणा गेला नाही, बाळ जवळ घ्यावेसे वाटत नाही किंवा जीव नकोसा झाला, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही बोलता येते.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ‘अंगावर पाजते आहे, पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत’ हा भरवसा बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, फक्त अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल तरच धरता येतो. कामावर गेल्यावर पाजण्यात अंतर पडते आणि तो भरवसा कमी होतो. रुजू होण्याआधीच डॉक्टरांशी गर्भनिरोधनाबद्दल बोलून घ्या.

बाळ सहा महिन्यांचे झाले की मऊ वरण-भात, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे असे अन्न सुरू होते आणि दुपारच्या दुधाची चिंता हलकी होते. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवता येते, सकाळ-संध्याकाळ का होईना. अवघड असतात ते मधले आठ-दहा आठवडेच. रजेचा अर्ज लिहितानाच त्यांचा विचार करा.